हाडे घडवणारी पेशी विभागताना आपली ओळख कशी टिकवते?

राजारामपुरी_जीवशास्त्र यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवते. सूत्री विभाजनाचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने एक शंका काढली. हा मुलगा तालमीत जातो आणि त्याच्या हाताचे प्लास्टर नुकतेच निघाले आहे. त्याच्या शंकेचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

पूर्वावस्थेत गुणसूत्रे घट्ट आवळली जातात, पुढे केंद्रकाचे आवरण नाहीसे होते, प्रतिलेखन (जनुकावरून आरएनएची प्रत काढणे) जवळजवळ थांबते आणि जनुके चालू-बंद करणारी प्रथिने डीएनएवरून सुटून पेशीद्रवात विखुरतात, असे आपण शिकवतो. डीएनए तर यकृताच्या पेशीत, स्नायूच्या पेशीत आणि हाडाच्या पेशीत सारखाच असतो. असे असताना हाड घडवणारी पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट किंवा तिची पूर्वज पेशी, विभागून दोन झाल्यावर त्या दोघींना आपण हाडच करायचे आहे, चरबी किंवा कूर्चा नव्हे, हे कशावरून कळते? आजूबाजूच्या पेशींकडून संकेत मिळतात हे मान्य आहे. परंतु शरीराबाहेर काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशीही पिढ्यानपिढ्या आपला स्वभाव राखतात असे वाचले आहे, त्यामुळे केवळ शेजारावर भिस्त ठेवणारे उत्तर मला अपुरे वाटते. शोधताना रंक्स-२ या प्रथिनाचे नाव वारंवार आले. ते प्रथिन विभाजनाच्या वेळीही गुणसूत्रांवरच राहते, हे कितपत खरे धरावे? मोडलेल्या हाडाच्या संदर्भातही कोणी लिहिले तर त्या मुलाला विशेष रस वाटेल.

पेशीप्रयोग यांचे उत्तर

मॅडम, प्रश्न अगदी नेमका आहे. शिवाय त्याच्यावर काम झाले ते मुख्यत्वे हाडाच्याच पेशींत, हा चांगला योग म्हणायचा.

प्रथम रंक्स-२ विषयी. १९९७ साली तोशिहिसा कोमोरी यांच्या गटाने आणि इतरांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्या पिल्लांचा सांगाडा आकाराने साधारण ठीक होता, पण तो सगळा कूर्चेचा होता. त्यात खरे हाड तयारच झाले नव्हते. फासळ्या मऊ राहिल्याने छाती श्वासाचा भार पेलू शकली नाही आणि पिल्ले जन्मल्यावर लगेच मेली. त्याच वर्षी हेही कळले की माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असेल तर क्लायडोक्रेनियल डिस्प्लेशिया हा विकार होतो. अशा व्यक्तींची कॉलरबोन अपुरी वाढते किंवा नसतेच, त्यामुळे काहींना दोन्ही खांदे छातीसमोर एकमेकांना टेकवता येतात. डोक्याची टाळू फार उशिरा भरते आणि हिरड्यांत जादा दात अडकून राहतात. एक प्रत शाबूत असूनही एवढा फरक पडतो, म्हणजे या प्रथिनाचे असणे-नसणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे प्रमाणही महत्त्वाचे आहे. विभाजनानंतर ते दोन्ही जन्यपेशींत किती पोचते, हा प्रश्न त्यामुळेच बिनमहत्त्वाचा राहत नाही.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील गॅरी स्टाइन, जेन लियान, आंद्रे व्हान वायनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाला चमकणारे प्रतिपिंड जोडून ते विभाजनाच्या प्रत्येक अवस्थेत कुठे दिसते याचा माग काढला. विभाजन चालू नसताना रंक्स-२ केंद्रकात असंख्य बारीक ठिपक्यांच्या रूपात पसरलेले दिसते. मध्यावस्थेत गुणसूत्रे पेशीच्या मध्यरेषेवर रांगेत येतात तेव्हा बहुतेक ठिपके फिकट होतात, पण काही ठळक ठिपके गुणसूत्रांवर ठराविक जागी टिकून राहतात आणि ते जोडीने दिसतात, कारण प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही अर्धसूत्रांवर एकेक ठिपका असतो. अर्धसूत्रे विलग झाली की ठिपकेही वाटले जातात. अंत्यावस्थेत दोन्ही नव्या केंद्रकांत प्रथिनाचे प्रमाण जवळपास सारखे भरते, आणि त्यानंतर ते पुन्हा बारीक ठिपक्यांत विखुरते. समान वाटणीचे हे निरीक्षण २००३ साली प्रसिद्ध झाले.

ते ठळक ठिपके नेमके कुठे असतात, हे २००७ मध्ये कळले आणि मला स्वतःला या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. ते रायबोसोमल आरएनएच्या, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमांचा भाग असलेल्या आरएनएच्या, जनुकांवर असतात. माणसात ही जनुके १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांच्या आखूड बाहूंवर असतात आणि विभाजन संपल्यावर केंद्रकी (रायबोसोम घडवणारा केंद्रकातला भाग) पुन्हा उभी राहते ती त्यांच्याभोवतीच. रंक्स-२ तेथे बसून या जनुकांना आवर घालते. पेशीतील रंक्स-२ कमी केले की रायबोसोमल आरएनएचे उत्पादन वाढते. रायबोसोम कमी म्हणजे प्रथिननिर्मिती बेताची, आणि प्रथिननिर्मिती बेताची म्हणजे पेशीच्या वाढीला लगाम. पुढच्या वर्षी स्नायूपेशींचे मायो-डी आणि चरबीपेशींच्या घडणीतील सी-ईबीपी गटातले प्रथिन हीदेखील आपापल्या पेशींत असेच करतात, असे दाखवण्यात आले. याचा अर्थ, "तू हाडाची आहेस" या निरोपाबरोबरच "किती वेगाने वाढायचे" हाही निरोप त्याच प्रथिनाकरवी पुढे जातो. त्याच काळातील दुसऱ्या एका अभ्यासात, पेशीचक्र आणि घडण यांच्याशी संबंधित काही जनुकांवरही रंक्स-२ विभाजनादरम्यान आढळले होते.

क्रोमॅटिनवाला यांचे उत्तर

वरील माहिती योग्य आहे, पण विद्यार्थ्यांसमोर ती मांडताना दोन ठिकाणी सांभाळून बोलावे असे सुचवतो.

पहिली गोष्ट "प्रथिने सुटून जातात" या विधानाची. त्याला आधार आहे तो १९९५ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगाचा. विभाजनात अडवून धरलेल्या पेशींत जनुक-नियामक प्रथिने गुणसूत्रांवरून हटलेली त्यात दिसली होती. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली, जी पाठ्यपुस्तकांनी सहसा उचलली नाही: उष्णतेच्या ताणात चालू होणाऱ्या एका जनुकाची सुरुवातीची जागा प्रथिने गेल्यावरही उघडी राहिली होती, म्हणजे डीएनए कापणारी विकरे तेथे सहज पोचत होती. जागा मोकळी होती, पण बंद झालेली नव्हती. पुढे २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट ट्जियान आणि झेवियर डार्झॅक यांच्या प्रयोगशाळांनी जिवंत पेशींत चमकती प्रथिने पाहिली, तेव्हा बहुतेक नियामक प्रथिने विभाजनातही गुणसूत्रांवरच आढळली. मग आधी ती गायब का दिसत होती? पेशी फॉर्मल्डिहाइडने स्थिर करण्याच्या क्रियेमुळेच ती गुणसूत्रांबाहेर ढकलली जात होती. फॉर्मल्डिहाइड प्रथिने आणि डीएनए यांना जोडायला थोडा वेळ घेते, आणि क्षणभर बसून उठणारी प्रथिने तेवढ्या अवधीत निसटतात. ज्या रीतीने आपण पाहतो तीच रीत चित्र बिघडवू शकते, हे बारावीच्या मुलांना सांगण्यासारखे आहे. प्रतिलेखन थांबते हेही तितकेसे काटेकोर नाही. २०१७ मध्ये मानवी पेशींत असे मोजले गेले की विभाजन चालू असतानाही अनेक जनुकांचे अगदी मंद प्रतिलेखन सुरू असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एखादे प्रथिन गुणसूत्रावर दिसणे आणि त्याच्यामुळेच पेशीची ओळख टिकणे यांत फार अंतर आहे. जिवंत पेशीत ही प्रथिने काही सेकंद बसतात, उठतात, पुन्हा बसतात. कोणी एक रेणू तासभर चिकटून पहारा देत नसतो. कारण सिद्ध करायचे तर ते प्रथिन केवळ विभाजनाच्या वेळापुरते नाहीसे करावे लागते. त्यासाठी एक सुरेख युक्ती वापरली जाते. सायक्लिन-बी हे प्रथिन विभाजनाच्या ओघात पेशी स्वतःच नष्ट करते. त्यातला "मला आता तोडा" असे सांगणारा तुकडा हव्या त्या प्रथिनाला जोडायचा, म्हणजे तेही त्याच घडीला तुटते आणि नंतर पुन्हा तयार होते. रक्तपेशींच्या घडणीतील गाटा-१ वर २०१२ मध्ये हा प्रयोग झाला, तेव्हा विभाजनादरम्यान गाटा-१ जिथे टिकते ती जनुके पुन्हा चालू व्हायला उशीर लागला. २०१६ मध्ये भ्रूणाच्या मूलपेशींतील सॉक्स-२ बाबत असेच केल्यावर त्या पेशींना आपले मूलपेशीपण राखणे अवघड गेले. रंक्स-२ चा मूळ पुरावा मुख्यतः स्थानाचा आहे आणि त्याच्या जोडीला प्रथिनाचे एकूण प्रमाण घटवण्याचे प्रयोग आहेत. प्रमाण घटवले की ते चक्राच्या सगळ्याच अवस्थांत घटते, त्यामुळे विभाजनातल्या त्या तासाभराचे श्रेय वेगळे काढता येत नाही. म्हणून "रंक्स-२ हीच पेशीची स्मृती" असे विधान मी तरी करणार नाही.

कारण स्मृतीचे आणखी थर आहेत. डीएनएवरच्या मिथाइल खुणा, म्हणजे त्याला जोडलेले छोटे रासायनिक गट, घ्या. डीएनएची प्रत निघाली की जुन्या धाग्यावर खूण असते आणि नव्यावर नसते. अशा अर्धवट जागा यूएचआरएफ-१ हे प्रथिन ओळखते आणि डीएनएमटी-१ हे विकर नव्या धाग्यावर तीच खूण उमटवते. हाडाच्या पेशीत चरबीकडे किंवा स्नायूकडे नेणारी जी जनुके बंद ठेवायची असतात, त्यांच्यावर हिस्टोन प्रथिनांच्या खुणाही असतात. डीएनए ज्या हिस्टोनांभोवती गुंडाळलेला असतो, ते जुने हिस्टोन प्रत निघताना दोन्ही डीएनएंवर वाटले जातात आणि रिकाम्या जागा नवे, कोरे हिस्टोन भरतात. खूण त्यामुळे निम्म्यावर येते. मग पॉलीकोंब गटातले एक विकर-संकुल जुनी खूण वाचते आणि शेजारच्या कोऱ्या हिस्टोनावर तशीच खूण उमटवते. मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या वर्षाची जुनी वही मिटून नवी उघडतो तेव्हा जुने सगळे व्यवहार नव्याने लिहीत बसत नाही. मागील बाकीचे मोजके आकडे तेवढे पुढे ओढतो आणि त्यांवर नवा हिशेब उभा करतो. पेशीतही साधारण तसेच घडते. मात्र हे आकडे एकाच ठिकाणी लिहिलेले नसतात, आणि एखादी नोंद गळाली तर दुसरी तिची उणीव भरून काढू शकते.

आपण काचेच्या बशीचा उल्लेख केलात. अलेक्झांडर फ्रीडेन्स्टाइन यांनी सोव्हिएत संघात १९६० आणि १९७० च्या दशकांत अस्थिमज्जेतील पेशी बशीत वाढवल्या, अनेक विभाजने होऊ दिली आणि मग त्या प्राण्याच्या शरीरात परत ठेवल्या, तेव्हा त्यांनी हाड तयार केले. शेजार बदलूनही क्षमता टिकली, याचे हे जुने आणि आजही भक्कम उदाहरण आहे.

शाहूपुरी_अस्थिरोग यांचे उत्तर

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, रेणूंवर बोलण्याचा माझा अधिकार वरच्या दोघांइतका नाही. पण प्रश्नातली एक समजूत आधी नीट करून घेतलेली बरी. हाडाच्या पृष्ठभागावर ओळीने बसून कोलॅजन आणि खनिज रचणारा परिपक्व ऑस्टिओब्लास्ट सहसा विभागतच नाही. त्याचे काम संपले की तो मरतो, किंवा चपटा होऊन हाडाच्या पृष्ठभागावर अस्तरासारखा पडून राहतो, किंवा स्वतःच रचलेल्या हाडात गाडला जाऊन ऑस्टिओसाइट होतो. विभागतात त्या त्याच्या पूर्वज पेशी, हाडावरच्या पातळ आवरणात आणि मज्जेत राहणाऱ्या. ओळख टिकवण्याची खरी कसोटी त्यांची आहे, कारण त्यांनी हाडाची वाट धरलेली असते, पण अजून पुरती पक्की केलेली नसते. रंक्स-२ चे प्रमाण या पेशींत विभाजनानंतरच्या जी-१ टप्प्यात जास्त आणि पुढे कमी होते, असे प्रयोगशाळेतील लोक सांगतात. ते वर लिहिलेल्या लगामाशी जुळते.

आता त्या मुलाच्या हाताविषयी. हाड मोडल्यावर रक्त साकळते, सूज येते आणि काही दिवसांत मोडलेल्या टोकांभोवती पूर्वज पेशी झपाट्याने विभागू लागतात. त्यांतल्या काही सरळ हाड करतात आणि काही आधी कूर्चा करतात. कोणी काय करायचे, हे पुष्कळसे यावर ठरते की मोडलेली टोके किती हलत आहेत. स्वित्झर्लंडचे स्टेफान पेरेन यांनी मांडलेल्या हिशेबानुसार टोकांमधील ताण सुमारे २ टक्क्यांच्या आत असेल तर तेथे हाड तयार होऊ शकते, सुमारे १० टक्क्यांपर्यंत कूर्चा तग धरते आणि त्याहून जास्त असेल तर केवळ तंतुमय ऊती उरते. प्लास्टर घालतो ते म्हणूनच. एकाच घराण्यातल्या पेशींच्या पुढच्या पिढ्या हालचालीनुसार वेगवेगळ्या होतात, हे येथे रोज क्ष-किरण चित्रात दिसते. इतकेच काय, कूर्चेच्या फुगलेल्या पेशी सगळ्याच मरून जातात असे आम्हाला शिकवले होते, पण २०१४ च्या सुमारास उंदरांतील पेशींचा वंश रंगाच्या खुणेने शोधल्यावर त्यांतल्या काही पेशी स्वतःच ऑस्टिओब्लास्ट झालेल्या आढळल्या. म्हणजे ओळख टिकते हे जितके खरे, तितकेच ती प्रसंगी बदलते हेही खरे.

याचे एक वाईट उदाहरण आपल्या भागात अजून पाहायला मिळते. कुस्तीत कोपर निखळले किंवा मोडले की पहिल्याच दिवसापासून तेल लावून जोरजोराने चोळले जाते. पूर्वापार चालत आलेल्या हाडवैद्यांच्या हाताला गुण असेलही, त्यावर मी वाद घालत नाही. पण ताज्या दुखापतीत कोपर रगडणे मी तरी कोणालाही करू देत नाही. काही आठवड्यांनी अशा रुग्णाच्या कोपरापुढच्या स्नायूत दगडासारखी गाठ लागते, कोपर ना पुरते वाकत ना सरळ होत, आणि चित्रात स्नायूच्या जागी चक्क हाड दिसते. त्याला मायोसायटिस ओसिफिकन्स म्हणतात. तेथे स्नायूतंतूचे हाड झालेले नसते. स्नायूंच्या मधल्या संयोजी ऊतीत असलेल्या, कोणत्याही एका वाटेला पक्क्या न लागलेल्या पेशी चुकीच्या संकेतांनी हाडाकडे वळलेल्या असतात. असे संकेत हाडातच साठवलेले असतात हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवले. त्यांनी आम्लाने खनिज काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले आणि तेथे नवे हाड उगवले. त्यामागची प्रथिने आज बीएमपी म्हणून ओळखली जातात. क्रोमॅटिनवाला यांनी सांगितलेल्या खुणा अशा पेशींत कशा बदलतात, हे त्यांनी लिहिले तर मलाही वाचायचे आहे.

क्रोमॅटिनवाला यांचे उत्तर

डॉक्टरसाहेब, थोडक्यात सांगतो. बीएमपीचा संकेत पेशीच्या पृष्ठभागावरून स्मॅड प्रथिनांमार्फत केंद्रकात पोचतो आणि रंक्स-२ चे जनुक चालू होते. त्याच्या पुढच्या पायरीवर ऑस्टेरिक्स हे दुसरे नियामक प्रथिन येते. २००२ साली ते काढून टाकलेल्या उंदरांतही हाड झाले नाही, पण रंक्स-२ मात्र होते, त्यावरून हा क्रम ठरला. एकदा हे घडले की हाडाच्या जनुकांभोवतीचे क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोन यांची गुंडाळी) उघडे राहते, आणि मग मूळचा संकेत ओसरला तरी पेशी सहजासहजी मागे फिरत नाही.

राजारामपुरी_जीवशास्त्र

सर्वांचे मनापासून आभार. वर्गात "प्रथिने सुटून जातात" हे वाक्य आता मी तसेच ठेवणार नाही. एक उपशंका राहते, आणि ती तो मुलगा नक्की विचारेल: रंक्स-२ दोन्ही जन्यपेशींत निम्मे-निम्मे जात असेल, तर दहा विभाजनांनंतर ते हजारांश भागावर यायला हवे. तसे का होत नाही? आणि कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड आपण करतो, तिच्यात यातले काही दाखवता येईल का?

पेशीप्रयोग यांचे उत्तर

मॅडम, स्लाइडमध्ये गुणसूत्रे दिसतील, त्यांवरची प्रथिने नाहीत. त्यासाठी प्रतिपिंड आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक लागतो. विद्यापीठात कोणाशी ओळख असेल तर एकदा मुलांना घेऊन तसा सूक्ष्मदर्शक दाखवून आणावा.

निम्मे होण्याबद्दल: वाटलेल्या प्रथिनाने पिढ्यानपिढ्या पुरायचे नसतेच. विभाजन साधारण तासाभराचे असते, आणि वाटून आलेल्या साठ्याला तेवढीच खिंड ओलांडून द्यायची असते. जी-१ टप्पा सुरू झाला की रंक्स-२ चे जनुक पुन्हा काम करू लागते आणि नवे प्रथिन तयार होऊन साठा भरून निघतो. या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात रंक्स-२ ला स्वतःलाच बसण्याच्या जागा आहेत, त्यामुळे ते आपल्या प्रमाणावर स्वतःही नियंत्रण ठेवते. वाटणी समान असावी लागते ती एवढ्यासाठी की दोघींची सुरुवात एकाच पातळीवरून व्हावी.

शाहूपुरी_अस्थिरोग यांचे उत्तर

एक पुरवणी जोडतो, कारण मुले पुढे कर्करोगाबद्दल विचारतीलच. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग कुमारवयात आणि बहुधा गुडघ्याच्या आसपास होतो. त्याच्या पेशी बेफाम विभागतात, आणि तरीही आपले मूळ काम सोडत नाहीत. विकृतितज्ज्ञ निदान करताना या घातक पेशींनी कच्चे हाड, म्हणजे ऑस्टिऑइड, तयार केले आहे का हेच शोधतो. पुष्कळ गाठींत रंक्स-२ कमी नसते, उलट भरपूर असते. पेशीप्रयोग यांनी वर सांगितलेल्या दोन निरोपांपैकी "तू हाडाची आहेस" हा निरोप तेथे पोचलेला असतो, पण "किती वेगाने वाढायचे" हा निरोप मानला जात नाही.